बायोप्सी झाली, ऑपरेशन अजून बाकी आहे

"डाग काढला, टाका घातला, खपलीही पडली. आता पुन्हा कशाला कापायचं?" त्वचेच्या कॅन्सरच्या पेशंटकडून आणि घरच्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की एकदा नीट लिहूनच काढते.

बायोप्सी म्हणजे काय ते बहुतेकांना ठाऊक असतं: जागा बधिर करून तुकडा घ्यायचा आणि तपासायला पाठवायचा. तिच्यामुळे कॅन्सर पसरतो, ही भीती मात्र मनातून काढून टाका. त्या भीतीपायी लोक महिनोन्‌महिने घालवतात, नुकसान होतं ते त्याने.

खरा घोळ पुढे आहे. पंच बायोप्सीत साधारण 3-4 मिलिमीटरची गोल चकती निघते. तिच्यावरून रोग कोणता ते कळतं. बाकीचा रोग जागेवरच राहतो. वरून कातडी धरली म्हणजे खालचं गेलं, असं नसतं. कॅन्सर आत असतानाही बायोप्सीची जखम छान भरते. भरलेली जखम पाहून ऑपरेशनची तारीख रद्द करू नका, हे मी हात जोडून सांगते.

ऑपरेशनमध्ये डागाबरोबर भोवतीची चांगली दिसणारी कातडीही घेतात, कारण कॅन्सरच्या पेशी डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे गेलेल्या असू शकतात. कमी जोखमीच्या बेसल सेल कार्सिनोमात (त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार) चांगल्या कातडीची ही पट्टी चारी बाजूंनी बहुधा 4 मिलिमीटरची. म्हणजे 1 सेंटिमीटरचा डाग असेल तर रुंदी झाली 18 मिलिमीटर. टाके घालताना टोकांना चुण्या पडू नयेत म्हणून काप लांबट घेतात, रुंदीच्या साधारण तिप्पट. व्रण झाला साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास! हे आधी कागदावर पेनाने काढून दाखवलंच पाहिजे. नाहीतर ड्रेसिंग सुटल्यावर आरशात पाहून माणूस हबकतो. मेलानोमात (त्वचेच्या कॅन्सरचाच दुसरा प्रकार) तर अख्खा डाग बायोप्सीतच निघाला, तरी रोगाच्या जाडीनुसार पुन्हा भोवतीची बहुधा 1 ते 2 सेंटिमीटर कातडी घेतात.

रिपोर्टमधलं "मार्जिन निगेटिव्ह" वाचून रडू नका, ती चांगली बातमी आहे: काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सर सापडला नाही.

आणि डॉक्टर-नर्स मंडळींनो, "समजलं ना?" हा प्रश्न मला अजिबात आवडत नाही. त्यावर सगळेच मान डोलावतात, संमतीपत्रावर सहीही करतात. त्याऐवजी विचारा, "घरी गेल्यावर काय सांगाल?" पेशंट म्हणाला, "मागे नुसता तुकडा तपासायला घेतला होता, आता कडेसकट काढणार आहेत," तर सहीला पेन द्या.