बोट कुठे टेकवायचं? फोनच्या फिंगरप्रिंट सेन्सरची पार्श्वभूमी

फोनवर फिंगरप्रिंट सेन्सर कुठे बसवायचा, हे बहुतेक वेळा स्क्रीनने ठरवलं. हाताचा विचार झाला तो क्वचितच.

2011 च्या मोटोरोला ॲट्रिक्समध्ये तो मागे, अगदी वरच्या टोकाला पॉवर बटणातच होता. बोट त्यावरून सरळ ओढावं लागे. तिरकं गेलं की पुन्हा पहिल्यापासून. सेन्सर बनवणारी ऑथेनटेक कंपनी ॲपलने 2012 मध्ये विकत घेतली आणि 2013 च्या आयफोन 5एसमध्ये होम बटणावर बोट नुसतं टेकवून काम भागू लागलं. चार इंची फोनवर अंगठा तिथे सहज पोचायचा. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस5 वर मात्र 2014 मध्येही बोट ओढावंच लागे. एका हातात फोन धरून अंगठा खालच्या कडेपर्यंत ओढायचा, म्हणजे फोन निसटायचीच भीती.

पुढे स्क्रीन वाढल्या आणि खालच्या बटणाची जागा अडचणीची झाली. 2014 मध्येच हुआवेने सहा इंची असेंड मेट 7 चा सेन्सर पाठीवर, कॅमेऱ्याखाली नेला. फोन खिशातून काढताना तर्जनी आपसूक तिथेच टेकते. फोन डोळ्यांसमोर येईपर्यंत उघडलेला असतो. 2016 मध्ये रेडमी नोट 3 सारख्या स्वस्त फोनमुळे भारतातही अनेकांच्या बोटाला ही सवय लागली. टेबलावर पडलेला किंवा गाडीच्या होल्डरमधला फोन असा उघडता येत नाही, हे खरं. तरीही माझ्या मते हाताला सर्वांत मानवलेली जागा हीच. अर्थात ती नेमकी हवी. 2017 च्या गॅलॅक्सी एस8 मध्ये सेन्सर कॅमेऱ्याच्या शेजारी होता आणि चाचपडताना बोट लेन्सवर जायचं. एस9 मध्ये सॅमसंगने तो कॅमेऱ्याखाली आणला.

2018 च्या सुरुवातीला विवोच्या एक्स20 प्लस यूडीने सेन्सर स्क्रीनखालीच घातला. ओएलईडी स्क्रीनचे ठिपके स्वतःच उजळतात आणि त्या उजेडात खालचा सेन्सर ठसा टिपतो. पण सपाट काचेवर बोटाला काही खूण लागत नाही, त्यामुळे पाहून बोट ठेवावं लागतं. शिवाय बऱ्याच फोनमध्ये ही जागा इतकी खाली असते, की अंगठा वाकवून पकड बदलावी लागते.

एलसीडी स्क्रीनमागे बॅकलाइट, म्हणजे मागून उजेड देणारा थर, असल्याने तिथे सेन्सर स्क्रीनखाली घालणं कठीण. म्हणून एलसीडी वापरणाऱ्या स्वस्त फोनमध्ये सेन्सर उजव्या कडेच्या पॉवर बटणात आला. सोनीने एक्सपीरिया झेड5 मध्ये 2015 सालीच हे केलं होतं. उजव्या हाताच्या अंगठ्याला ती जागा उत्तम. डाव्या हातात फोन धरणाऱ्यांनी मात्र तर्जनीचा किंवा मधल्या बोटाचा ठसाही नोंदवून ठेवावा.