नळीची पाचर

नळीची पाचर : ठासणीच्या बंदुकीची नळी लाकडी दस्त्याला जखडून ठेवणारी लोखंडाची किंवा पोलादाची सपाट पट्टी. दस्त्याच्या पुढच्या भागात ती एका बाजूने शिरते, नळीच्या खालच्या बाजूला बसवलेल्या कानातून (भोक असलेल्या धातूच्या तुकड्यातून) आरपार जाते आणि दुसऱ्या बाजूला लाकडाशी समपातळीत येऊन थांबते. तिची जाडी साधारण १.५ ते २.५ मिमी. आणि रुंदी १० मिमी.च्या आसपास असते. याच कामासाठी बारीक गोल खिळे (पिना) किंवा दस्ता व नळी यांना मिळून वेढणारी धातूची कडीही वापरतात. या तिन्ही पद्धती दीर्घकाळ शेजारी-शेजारी नांदल्या. एकीने दुसरीला पुरते हटवले असे झाले नाही.

इतिहास : लष्करी बंदुकांपुरता क्रम बऱ्यापैकी स्पष्ट आहे. फ्रेंच पायदळाच्या १७१७ च्या नमुन्यात नळी पिनांनी बसवलेली असून मध्ये एकच कडी होती. १७२८ च्या नमुन्यात पिना जाऊन कड्या आल्या. ब्रिटिश पायदळाची ‘ब्राउन बेस’ ही बंदूक मात्र बहुतांशी पिनांचीच राहिली. ब्रिटिश सैन्यातील रायफलींसाठी वेगळा निर्णय झाला. १८०० च्या सुमारास आलेल्या बेकर रायफलीत आणि १८३७ च्या ब्रन्स्विक रायफलीत सपाट पाचरी आहेत. १८५३ च्या एनफील्ड या ब्रिटिश रायफलीत पुन्हा तीन कड्या दिसतात.

अमेरिकेतील लांब नळीच्या रायफलींत पाचर कोठून आली, हा प्रश्न वादाचा आहे. पेनसिल्व्हेनियातील बहुतेक बंदूककार जर्मन-भाषक कुटुंबांतले होते आणि त्यांच्या रायफलीचे मूळ मध्य युरोपातील आखूड, जाड नळीच्या ‘येगर’ शिकारी रायफलीत शोधले जाते. काही येगर रायफलींत पाचरी आढळतात; त्यामुळे पाचरही त्याच वाटेने आली, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ती इंग्लंडमधील अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील शिकारी बंदुकांवरून उचलली गेली. पहिल्या मताची अडचण अशी की, पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरातल्या अठराव्या शतकातील रायफली बहुतांशी पिनांच्याच आहेत. पाचर वारशाने आली असती, तर जुन्या रायफलींत ती अधिक आणि नव्यांत कमी दिसायला हवी होती. प्रत्यक्षात उलटे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाचरींचे प्रमाण वाढते, आणि त्याच सुमारास बर्मिंगहॅमच्या केटलंड घराण्याचे आयात चाप (दारू पेटवणारी यंत्रणा), लंबवर्तुळाकार चांदीच्या चकत्या व आकडीचे बूड ही इंग्रजी लक्षणेही दिसू लागतात. हा सगळा संच एकत्र आलेला दिसत असल्याने इंग्रजी प्रभावाचे मत अधिक पटण्यासारखे आहे. निदान पाचरीच्या प्रसाराबाबत तरी.

आकडीचे बूड आणि पाचर यांची जोडी समजून घेतल्याशिवाय पाचरीचा उपयोग कळत नाही. साध्या रचनेत नळीच्या बुडाची शेपटी दस्त्यात स्क्रूने पक्की बसवतात. आकडीच्या रचनेत शेपटी दस्त्यातच राहते आणि नळीच्या बुडाचा आकडा तिच्यात अडकतो. अशा बंदुकीची पाचर ओढली, की नळीचे तोंड वर उचलून आकडा सोडवता येतो आणि नळी हातात येते. काळ्या दारूचा मळ ओलावा धरतो व लोखंड खातो; म्हणून वापरानंतर नळी पाण्याने, शक्यतो गरम पाण्याने, धुवावी लागते. सुटी नळी बुडाकडून बादलीत उभी करून धुता येते आणि लाकूड कोरडे राहते. या आकडीच्या बुडाचे श्रेय कित्येकदा लंडनच्या हेन्री नॉकला दिले जाते. त्याचे १७८७ चे एकस्व (पेटंट) मात्र बुडातील दारूच्या कप्प्यासंबंधी, म्हणजे दारू लवकर व एकसारखी पेटावी यासाठीचे होते. दोन्ही गोष्टी पुढे एकाच बुडात आल्या आणि नावे एकमेकांत मिसळली.

पाचरीची पहिली सरकारी अमेरिकी रायफल म्हणून हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रकारखान्याच्या १८०३ च्या नमुन्याकडे बोट दाखवले जाते. ०.५४ इंची, अर्ध्या दस्त्याच्या (म्हणजे दस्ता नळीच्या टोकापर्यंत न जाणाऱ्या) या रायफलीत नळी एकाच पाचरीने धरलेली आहे. अमेरिकी शोधप्रवासी मेरिवेदर लुईसने आपल्या पश्चिमेकडील मोहिमेसाठी हार्पर्स फेरीतून १५ रायफली घेतल्या, त्या याच नमुन्याच्या होत्या का, यावर बराच खल झाला आहे. लुईस तेथे १८०३ च्या वसंतात होता, तर नव्या नमुन्यासंबंधी युद्धमंत्री हेन्री डिअरबॉर्न यांचे पत्र त्या वर्षीच्या मे महिन्यातले आहे. हा कालक्रम पाहता, १७९२ पासून ठेकेदारांकडून घेतलेल्या पूर्ण दस्त्याच्या रायफलीच दुरुस्त करून दिल्या असाव्यात, या मताला जास्त वजन द्यावे लागते. लुईसच्या रायफलीची प्रतिकृती घडवू पाहणाऱ्याने एका पाचरीचा अर्धा दस्ता गृहीत धरू नये.

सेंट लुईसच्या जेकब व सॅम्युएल हॉकेन बंधूंच्या रायफलींनी पाचर लोकप्रिय केली. १८२० च्या दशकात त्यांची भागीदारी सुरू झाली. १८४९ मध्ये जेकब पटकीने वारला. त्यांच्या अर्ध्या दस्त्याच्या रायफलीची अष्टकोनी नळी जाड व जड असे आणि ती दोन पाचरींनी बसवत. रॉकी पर्वतात महिनोन्महिने राहणाऱ्या, सापळे लावणाऱ्या शिकाऱ्यांना हत्यारांच्या पेटीशिवाय नळी काढता येणे ही मोठीच सोय होती.

रचना : नवी रायफल घडवताना पाचर की पिन, हे सौंदर्यदृष्टीवर ठरवले जाते असे वाटते, पण खरा निर्णय नळीची खाच आणि दारू-गोळी ठासण्याच्या गजाचे भोक यांमध्ये उरणाऱ्या लाकडी पडद्यावर होतो. पारंपरिक बारीक दस्त्यात हा पडदा जेमतेम ३ मिमी. असतो. नळीचा कान, कानातील भोक आणि पाचर हे सारे एवढ्यात बसवायचे असते. कान थोडा लांब झाला तर गज अडतो. पाचरीची खाच जास्त वर गेली तर तिच्यावरचे लाकूड नळीच्या कडेला तुटते, आणि पाचर वर ढकलली जात असता सगळा भार त्याच लाकडावर येतो. म्हणून लांब, सडपातळ रायफलीला १.५ ते २ मिमी. व्यासाची पिन शोभते आणि सोसतेही. हॉकेनच्या भरदार दस्त्याला पाचर सोसते.

कानातील भोक पाचरीपेक्षा नळीच्या लांबीच्या दिशेने २-३ मिमी. अधिक ठेवतात. हवेतील ओलाव्याने दस्ता व उष्णतेने नळी थोडी लांबते-आखडते; ही सैल जागा नसेल तर दस्ता वाकतो किंवा खाचेपाशी चिरतो. पिनेच्या भोकालाही हाच नियम लागू आहे, पण घाईत तोच विसरला जातो. उभ्या दिशेने मात्र सैलपणा चालत नाही. खाच पाडताना बारीक छिद्रांची ओळ घेऊन मधले लाकूड पातळ कानशीने किंवा घासून अरुंद केलेल्या हॅकसॉच्या पात्याने काढतात. शेवटची झीज पाचरीवर काजळी धरून, डाग पडेल तेथेच करतात.

पाचरीचे मुख्य प्रकार तीन. बिनडोक्याची साधी पट्टी करायला सर्वांत सोपी, पण सैल झाली की पडते व हरवते. ती धरून राहावी म्हणून काही कारागीर तिला किंचित बाक देतात. डोक्याची पाचर एका बाजूला टेकते आणि बोटाने सापडते. तिसरी बंदिस्त पाचर. तिच्या लांबीत मधोमध अरुंद फट असते आणि नळीच्या खाचेतून लाकडात उभा ठोकलेला बारीक खिळा त्या फटीतून जातो. पाचर बाहेर ओढली, की फटीचे टोक खिळ्याला अडते. पाचर कानातून सुटते, पण दस्त्यातून निघत नाही. येथे एक माप चुकवून चालत नाही : फटीपुढचा भरीव शेंडा, खिळा ते कान या अंतरापेक्षा आखूड हवा. तो लांब राहिला तर पाचर अडेपर्यंत ओढूनही शेंडा कानातच राहतो. खिळा बाहेरच्या कडेला जास्त सरकवला तर लाकूड फुटते. एवढे कष्ट घेऊनही बंदिस्त पाचरच श्रेष्ठ म्हणावी लागेल, कारण जुन्या बंदुकांत गहाळ होणारा भाग बहुधा पाचरच असतो.

खाचेभोवतीच्या चांदी, पितळ किंवा लोखंडाच्या चकत्या शोभेच्या मानल्या जातात, पण पाचर काढता-घालताना खाचेच्या कडा झिजू नयेत हे त्यांचे पहिले काम. चकतीशिवायची पाचरही जुन्या साध्या रायफलींत आढळते.

पाचर हातोडीने ठोकून घट्ट करू नये. अंगठ्याच्या दाबाने आणि शेवटी लाकडी वा पितळी टोकाच्या हलक्या टोल्याने ती बसली पाहिजे. एक पाचर घट्ट व दुसरी सैल असेल, तर नळीवरचा ताण बदलून गोळी लागण्याची जागा सरकते. पिनांची नळी केवळ सफाईसाठी काढू नये, कारण प्रत्येक वेळी भोकाच्या कडा उडतात. कोल्टच्या टोपीच्या (आघाताने पेटणाऱ्या टोपीने दारू पेटवणाऱ्या) रिव्हॉल्व्हरांतही नळी पाचरीनेच धरलेली असते, पण तेथे ती लाकडातून नव्हे, तर सिलिंडरच्या पोलादी आसातून जाते.

भारतीय तोड्याच्या (जळत्या वातीने दारू पेटवणाऱ्या) बंदुकीत पाचर रूढ नव्हती. तिची लांब नळी दस्त्याला धातूच्या पट्ट्यांनी, तारेच्या वेढ्यांनी किंवा चामड्याच्या वादीने बांधलेली असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांतील ‘इंडिया पॅटर्न’ बंदूक पिनांची होती. नेपाळमध्ये ब्रन्स्विक रायफलीच्या प्रतिकृती घडवल्या गेल्या.