ठासणीच्या रायफलीचं घडीचं पान आणि त्याच्या ढिलाईचा इतिहास

जुन्या ब्रिटिश एन्फिल्ड किंवा अमेरिकन स्प्रिंगफील्डच्या धर्तीवर बनवलेली नवी ठासणीची रायफल ज्यांच्या हाती येते, त्यांची एक तक्रार ठरलेली असते. मागच्या साइटचं, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खाचेचं, घडीचं पान उभं केलं तर उभं राहत नाही. एक बार निघाला की धक्क्याने ते आडवं पडतं, किंवा आडवं असताना नळीवर खुळखुळत राहतं. बहुतेक जण याचं खापर वापरणाऱ्याच्या हातावर फोडतात. माझ्या मते तो त्याच्यावर अन्याय आहे. हे पान कशासाठी जन्माला आलं आणि शंभर वर्षांनी त्याची नक्कल कशी झाली, हे पाहिलं की ढिलाईचं कारण आपोआप कळतं.

गुळगुळीत नळीच्या बंदुकीला मागच्या साइटची फारशी गरज नव्हती. शंभर यार्डांपलीकडे गोळी कुठे जाईल याचा भरवसाच नसे. १८०० साली ब्रिटिश फौजेने लंडनच्या इझिकिएल बेकरची पेचदार, म्हणजे आतून पिळाच्या खोबणी असलेल्या नळीची रायफल घेतली, तेव्हा कुठे नेम हा शिपायाच्या हातातला विषय झाला. तरी गोळी गोलच होती आणि पल्ला मर्यादितच होता.

खरा बदल १८४९ साली फ्रान्समध्ये क्लोद-एतिएन मिनिए याच्या गोळीने झाला. ही गोळी लांबट, बुडाशी पोकळ आणि नळीपेक्षा किंचित बारीक होती. ती गजाने सहज खाली उतरे, आणि दारू पेटली की तिचं बूड फुगून नळीच्या पेचात घट्ट बसे. याच तत्त्वावर १८५३ ची एन्फिल्ड आली: ०.५७७ इंचांची नळी, तिच्यात तीन पेच, आणि ५३० ग्रेन, म्हणजे साधारण ३४ ग्रॅम वजनाची गोळी. पण ही जड गोळी आजच्या मानाने फार मंद, आवाजाच्या वेगाच्या आसपासच चालते. लांब जायचं तर तिला उंच कमान घ्यावी लागते. पाचशे यार्डांसाठी नेम धरलेली गोळी निम्म्या वाटेत उभ्या माणसाच्या डोक्यावरून निघून जाते. अंतर ओळखण्यात पन्नास यार्डांची चूक झाली तरी नेम फुकट. म्हणून १८५३ मध्येच इंग्लंडमधल्या हाइथ इथे नेमबाजीची शाळा निघाली आणि तिथे नुसत्या डोळ्यांनी अंतर जोखायला शिकवू लागले. डोळ्यांनी जोखलेलं अंतर बंदुकीला सांगण्याचं साधन म्हणजे मागची साइट. एन्फिल्डचं पान आडवं असताना सरकपट्टी पायऱ्यांवर चढवून १०० ते ४०० यार्ड साधता येत. त्यापुढे पान शिडीसारखं उभं करायचं आणि सरकपट्टी वर न्यायची. सुरुवातीच्या रायफलींवर हे आकडे ९०० पर्यंत जात.

याच काळात मुंबई इलाख्यातल्या एका अधिकाऱ्याने हा प्रकार टोकाला नेला. जॉन जेकब मुंबई तोफखान्याचा. सिंधमधल्या सरहद्दीवर, ज्या गावाला पुढे त्याच्याच नावाने जेकबाबाद म्हणू लागले तिथे, त्याने वर्षानुवर्षं प्रयोग करून दुनळी रायफल तयार करवली. तिच्या उभ्या पानावर २००० यार्डांपर्यंतचे आकडे होते. शत्रूच्या तोफांचे दारूचे पेटारे लांबूनच उडवायचे, यासाठी त्याने फुटणाऱ्या गोळ्याही बनवल्या. १८५८ मध्ये त्याच्या नावाची रायफल पलटण उभी राहिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो वारला.

आपल्या वाचकांनी मात्र दुसरी गोष्ट विसरू नये. १८५७ ची ठिणगी याच एन्फिल्डच्या काडतुसांवरून पडली. उठाव मोडून काढल्यावर सरकारने देशी पलटणींसाठी निराळी बंदूक काढली. बाहेरून ती एन्फिल्डसारखीच दिसे, पण नळी आतून कातून ०.६५६ इंचांची गुळगुळीत केलेली, आणि शिडीच्या पानाच्या जागी एक साधी पक्की खाच. लांबचा नेम गोऱ्या शिपायाकडे राहिला, देशी शिपायाच्या हातून काढून घेतला गेला. अविश्वास इतका उघडपणे लोखंडात कोरलेला दुसरीकडे क्वचितच दिसेल. संग्रहालयात एन्फिल्डच्या घाटाची बंदूक दिसली तर आधी मागची साइट पाहावी. ती कुणासाठी बनली होती हे बहुधा तिथेच कळतं.

अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या १८६१ च्या रायफलीवर आणखी सोपा मार्ग निघाला. शिडीऐवजी दोन छोटी पानं आली, एक ३०० यार्डांचं, दुसरं ५०० चं. दोन्ही पाडली की १०० यार्डांची खाच. यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी इंग्लंडहून लाखोंनी एन्फिल्डही मागवल्या.

आता त्या पानाच्या बिजागरीकडे वळू. पानाच्या बुडाला सपाट कडा घासलेल्या असतात आणि खाली एक पातळ पट्टीची स्प्रिंग त्या कडांना वर दाबून धरते. घडीचा चाकू उघडल्यावर जसा ‘टक्’ करून बसतो, तसंच हे काम चालतं. सगळा भार तीन गोष्टींवर: स्प्रिंगला दिलेलं पाणी (म्हणजे पोलाद तापवून-विझवून आणलेला कडकपणा), कडांचा सपाटपणा आणि मधल्या पिनेची घट्ट बसणी. बर्मिंगहॅमच्या बंदूक धंद्यात साइट बनवणारे कारागीर वेगळेच असत. ते हातात कानस घेऊन प्रत्येक पान आपल्या स्प्रिंगशी जुळवत. शिवाय पलटणीत दुरुस्तीला आर्मरर असेच.

१८७० च्या आत या रायफली मागे पडल्या. त्यांना दुसरा जन्म मिळाला तो १९५० च्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकेत यादवी युद्धाची शताब्दी जवळ येत होती, हौशी नेमबाजांना अस्सल बंदुका महाग पडू लागल्या, आणि इटलीतल्या गार्दोने वाल त्रोम्पिया या जुन्या बंदूक-खोऱ्यात नकला बनू लागल्या. १९७० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलनेही एन्फिल्डच्या नकला काढल्या, आणि त्या चांगल्या मानल्या जातात. पण नळीच्या मापाइतकं लक्ष साइटवर देणं सगळ्यांनाच परवडलं नाही. स्वस्त नकलांत पान ओतीव आणि मऊ असतं, स्प्रिंग पातळ असते, पिनेचं भोक मोकळं असतं. त्यात काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते. नळी धुताना तेच पाणी बिजागरीत शिरतं, गंज चढतो आणि भोक लांबट होत जातं.

म्हणून दुरुस्तीचा क्रमही याच रचनेतून ठरतो. पान आडवं डुलत असेल तर दोष पिनेत असतो. भोक रीमरने (भोक घासून नीट गोल करणाऱ्या हत्याराने) गोल करून किंचित जाड पोलादी पिन बसवावी. पान डुलत नाही पण उभं टिकत नाही, तर दोष स्प्रिंगमध्ये किंवा झिजलेल्या कडांत असतो. स्प्रिंग काढून जराशी वर वाकवली की काही काळ निभतं, पण मऊ पट्टी पुन्हा बसते. स्प्रिंगच्या पोलादाची नवी पट्टी कापून, तिला पाणी देऊन मग निळसर होईपर्यंत तापवलेली बरी. कडा घासायच्या तर दोन्ही बाजू सारख्या, नाहीतर पान तिरकं उभं राहील. आणि हे सारं साइट सुटी करून किंवा थंडच करावं. एन्फिल्डच्या घाटात साइटचा पाट नळीला मऊ डाखाने जोडलेला असतो. बिजागरीला ज्योत दाखवली की तो डाख वितळून अख्खी साइट जागेवरून सरकते.