फुग्याला न जुमानणारं ब्लॉकेज

अँजिओप्लास्टी म्हटलं की फुगा आणि स्टेंट एवढंच डोळ्यांसमोर येतं. १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी पहिल्यांदा रुग्णाच्या करोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत फुगा फुगवला आणि छाती न उघडताही अरुंद झालेली धमनी मोकळी करता येते, हे दाखवून दिलं. पण प्रत्येक ब्लॉकेज फुग्याला दाद देत नाही. वाढतं वय, मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना विकार यांमुळे धमनीतल्या थरात कॅल्शियम साचत जातं. काहींच्या धमनीत त्याचं पूर्ण कडंच तयार होतं. मग दाब कितीही वाढवा, फुगा दोन्ही टोकांना फुगतो आणि मध्ये आवळलेलाच राहतो. तिथे घाईने स्टेंट बसवला तर तोही अर्धवट उघडतो, आणि अशा स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा किंवा पुन्हा अडथळा येण्याचा धोका जास्त असतो. म्हणूनच स्टेंट कोणता, यापेक्षा त्याच्यासाठी जागा कशी तयार केली, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

या कामासाठी १९८०च्या दशकात आलेलं रोटाब्लेटर हे कॅल्शियम घासणारं यंत्र मोठं विलक्षण आहे. पाव मिलिमीटरहूनही बारीक तारेवरून लंबगोल धातूचा मणी पुढे सरकतो. सगळ्यात लहान मण्याचा व्यास सव्वा मिलिमीटर, आणि त्याच्या पुढच्या भागावर हिऱ्याचे सूक्ष्म कण. हा मणी मिनिटाला साधारण १,४०,००० ते १,८०,००० फेरे घेतो. मग धमनीच फाटत कशी नाही? प्लास्टर कापायची करवत कडक प्लास्टर कापते, पण खालची मऊ कातडी तिच्याबरोबर हलते म्हणून वाचते. इथेही लवचीक भिंत बाजूला सरते आणि कडक कॅल्शियम घासलं जातं. त्याचे बहुतेक कण तांबड्या रक्तपेशीपेक्षा लहान असतात. ते केशवाहिन्यांतून पार होतात आणि पुढे यकृत, प्लीहा यांसारखे अवयव त्यांची विल्हेवाट लावतात.

खरं कसब डॉक्टरांच्या हातात असतं. मणी रेटायचा नसतो. हलकेच टेकवायचा, मागे घ्यायचा, आणि एका वेळी जेमतेम वीस-तीस सेकंदच फिरवायचा. फेऱ्यांचा आकडा एकदम ५,००० हून अधिक घसरला किंवा यंत्राचा आवाज बदलला, तर जोर जास्त पडतोय हे समजून लगेच मागे यायचं. तसं न केल्यास रक्तप्रवाह मंदावतो, मणी अडकू शकतो, क्वचित धमनीला भोकही पडतं. म्हणूनच हे यंत्र सरसकट वापरत नाहीत. स्टेंटपूर्वी ते सर्रास वापरूनही धमनी पुन्हा अरुंद होणं कमी झालं नाही, असं चाचण्यांतही दिसलं आहे.

कॅल्शियम घासणारं दुसरं साधन म्हणजे ऑर्बिटल यंत्र. त्यातला मणी मध्यापासून सरकवून बसवलेला असतो; वेग वाढवला की त्याची कक्षा रुंदावते. आणखी वेगळी वाट लिथोट्रिप्सीची. मुतखडा फोडणाऱ्या तंत्रावर बेतलेल्या या फुग्यातून ध्वनिदाबाचे ठोके निघतात आणि भिंतीत खोलवर रुतलेल्या कॅल्शियमलाही तडे पाडतात. इथे घासणं नाही, त्यामुळे कण वाहून जाण्याची चिंताही कमी. पण फुगा आत शिरायला आधी वाट तर हवी! ती इतकी चिंचोळी असेल की फुगा पुढेच सरकत नाही, तेव्हा आधी रोटाब्लेटरने वाट करून मग लिथोट्रिप्सी करतात.