फरजियात, सक्तीचं आणि अडकलेल्या निम्म्या जागा

बडोद्यात आमदार-खासदारांना आवेदनपत्रं द्यायचा हंगाम पुन्हा आला आहे. लोकसभेत आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा महिलांना देणारी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाली, पण तिचा अंमल पुढच्या जनगणनेला आणि त्यानंतरच्या मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवलेला. ही गाठ सोडा, आरक्षण आधी लागू करा, एवढीच मागणी. आपल्या शहरात हे दुसऱ्यांदा घडतंय, आणि पहिल्या वेळची हकीकत नव्या मंडळींना फारशी ठाऊक नसते, म्हणून ही टिपणी.

संस्थानी काळाबद्दल थोडक्यातच. तेव्हा मागणीला अर्ज म्हणत आणि तो हुजुरांकडे जाई. सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये धारासभा, म्हणजे कायदेमंडळ, दिली, पण तिचा अधिकार सल्ल्याच्या पुढे फारसा जात नव्हता. विधवाविवाह, बालविवाहबंदी, पुढे घटस्फोट असे कायदे वरून आले आणि बरेचसे लोकांच्या आधी आले. आपले ज्येष्ठ हे अजूनही अभिमानाने सांगतात, आणि त्यात एक गोष्ट निसटते: जे न मागता मिळालं ते मागायची सवय लागलीच नाही. १९४९ च्या विलीनीकरणानंतर अर्जाची रजुआत झाली. हा शब्द आपण गुजरातीतून उचलला, आणि बडोद्याच्या मराठीत तो इतका मुरलाय की पुण्याच्या पाहुण्यासमोर ‘रजुआत करून आलो’ म्हटलं की तो तोंडाकडे बघत राहतो. निवेदन, गाऱ्हाणं, मागणी, सगळं त्या एका शब्दात मावतं.

आता मूळ मुद्दा. त्र्याहत्तराव्या-चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांत एकतृतीयांश जागा महिलांना मिळाल्या होत्या. त्या निम्म्या कराव्यात ही मागणी २००६ मध्ये बिहारने पंचायतींपुरती मान्य केली आणि मग इतर राज्यांतही जोर धरला. डिसेंबर २००९ मध्ये गुजरातच्या विधानसभेने विधेयक मंजूर केलं, तेव्हा रावपुऱ्यात आणि दांडिया बाजारात पेढे वाटले गेले नाहीत, पण समाधान होतं. पेपर नीट वाचल्यावर कळलं की त्याच विधेयकात दुसरी गोष्ट आहे: स्थानिक निवडणुकांत मतदान सगळ्यांना बंधनकारक. योग्य कारणाशिवाय मत न देणाऱ्यावर कारवाई. सोबत सर्व उमेदवार नाकारण्याचा पर्यायही होता, म्हणजे देशभर ‘नोटा’ येण्याच्या चार वर्षं आधी.

मागितलं एक, बांधून दिली दोन. इथून पाच वर्षांचा घोळ सुरू झाला.

राज्यपालांनी विधेयक परत पाठवलं. हरकत सक्तीवर होती, व्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर. महिलांच्या जागांवर नव्हती. तेव्हा सोपा मार्ग होता. दोन विधेयकं करायची, एक लगेच लागू करायचं, दुसऱ्यावर हवं तितकं भांडायचं. तसं झालं नाही. २०११ मध्ये विधानसभेने तेच विधेयक पुन्हा मंजूर केलं, आणि ते पुन्हा राजभवनात पडून राहिलं. राज्यात एका पक्षाचं सरकार, केंद्रात दुसऱ्याचं, त्यामुळे दोन्हीकडच्यांना एकमेकांकडे बोट दाखवण्याची उत्तम सोय होती. महिलांच्या जागा कोणी अडवल्या, असं विचारलं की सत्ताधारी राजभवन दाखवत आणि विरोधक सचिवालय.

याची किंमत आपल्या शहरापुरती मोजता येते. ऑक्टोबर २०१० ची पालिका निवडणूक जुन्या नियमाने झाली: पंचवीस वॉर्ड, प्रत्येकी तीन जागा, त्यातली एक महिलेची. पंचाहत्तरांत पंचवीस. निम्म्याचा नियम असता तर राखीव जागाच सदतीस-अडतीस झाल्या असत्या.

गोंधळ शब्दानेही वाढवला. गुजरातीत मतदान ‘फरजियात’. हा शब्द फर्ज, म्हणजे कर्तव्य, यातून आलेला. ऐकणाऱ्याला वाटतं, चला, कर्तव्य आहे, करूया. आपल्या मराठीत तेच ‘सक्तीचं’ होतं आणि ऐकताक्षणी कोणीतरी मनगट धरल्यासारखं वाटतं. कायदा एकच, पण दोन भाषांत दोन चेहऱ्यांचा. २०१० च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या खोलीत आवेदनपत्राचा मसुदा करायला आम्ही आठ-नऊ जण बसलो होतो. अर्ज गुजरातीत द्यायचा, चर्चा मराठीत. एक काका ‘फरजियात’ला हरकत घ्यायला तयार नव्हते. त्यांचा सवाल बिनतोड वाटला: महाराजांनी १९०६ मध्ये फरजियात केळवणी आणली, आपण तिला सक्तीचं शिक्षण म्हणतो आणि छाती फुगवतो, मग मतदानाच्या सक्तीने एवढं काय बिघडलं? खोलीत दोन मिनिटं कोणी बोललं नाही. पंखा तेवढा कुरकुरत होता.

उत्तर एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी दिलं, आणि मला ते अजून पटतं. अमरेलीत १८९३ मध्ये प्रयोग करून मग राज्यभर आणलेल्या त्या योजनेत पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होता, वसुलीवरून तेव्हाही कुरकुर झाली. पण शिक्षण सक्तीचं होतं तसं मोफतही होतं. म्हणजे राज्याने रयतेला बांधलं तसं स्वतःलाही बांधून घेतलं. मतदानाच्या सक्तीत बांधला जाणार फक्त मतदार. निवडून आलेल्याने वर्षातून एकदा तरी वॉर्डात सभा घ्यावी अशी सक्ती त्या विधेयकात नव्हती. बाई म्हणाल्या, ‘मत द्यायला मी जातेच. पण न जाणाऱ्याला दंड करून ह्यांना काय मिळणार, पावती?’

काका शेवटपर्यंत पटले नाहीत, सही मात्र केली. मसुद्यात सक्तीला विरोध लिहायचा नाही, फक्त ‘दोन्ही बाबी अलग कराव्यात’ असं लिहायचं, हा तोडगा त्यांच्याच हट्टाने निघाला. अर्ज कोठीतल्या कलेक्टर कचेरीत आवक करून घेतला, एक प्रत आमदारांच्या ऑफिसात. ‘रजुआत वर पोहोचवतो,’ असं उत्तर मिळालं. वर म्हणजे कुठे, हे आम्हीही विचारलं नाही.

पुढचं भराभर घडलं. २०१४ मध्ये केंद्रातलं सरकार बदललं, राजभवनातही नवी नेमणूक झाली, आणि नोव्हेंबरमध्ये संमती आली. विधेयकाची गाठ तशीच होती. ज्यांनी अडवलं ते बदलले, एवढंच. मार्च २०१५ मध्ये विधी आयोगाने सक्तीच्या मतदानाविरुद्ध मत दिलं. राज्याने तरीही नियम काढले, दंड शंभर रुपये. सूट कोणाला, म्हातारे, आजारी, राज्याबाहेर गेलेले, याची यादी चहाच्या टपरीवर वाचली जाई आणि जो तो आपलं नाव त्यात बसतं का बघे. ऑगस्ट २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने सक्तीला स्थगिती दिली: मत देण्याच्या हक्कात न देण्याचाही हक्क येतो, असा प्राथमिक सूर होता. महिलांच्या निम्म्या जागांना हात लागला नाही. म्हणजे शेवटी न्यायालयात दोन्ही बाबी अलग झाल्याच. पाच वर्षं आधी विधानसभेत झाल्या असत्या तर एक निवडणूक वाचली असती.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत पालिकेत एकोणीस वॉर्ड झाले, प्रत्येकी चार जागा, दोन महिलांच्या. शहात्तरांत अडतीस. पालिकेची कचेरी असलेल्या खंडेराव मार्केटच्या जिन्यावर अचानक बायकांची वर्दळ वाढली. काहींच्या मागे नवरे फायली घेऊन चालत, यावर विनोदही बरेच झाले. त्यातल्या कित्येक जणींनी पुढे स्वतःच्या फायली स्वतः धरल्या, त्यावर मात्र कोणी विनोद केला नाही. मतदानाचा आकडा, सक्ती असो नसो, निम्म्याच्या आसपास घुटमळतच राहिला.

वॉर्ड समित्या आणि क्षेत्रसभा, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभा, यांची मागणीही याच काळातली. केंद्राच्या शहर नूतनीकरण योजनेत बडोदं होतं आणि निधीच्या अटींत लोकसहभागाचा कायदा होता. त्यातून पूल झाले, ड्रेनेज झालं. क्षेत्रसभेची नोटीस माझ्या तरी दारावर कधी लागली नाही.

आताच्या आवेदनपत्राचा मसुदा मी पाहिला. २०१० चाच आहे. ‘दोन्ही बाबी अलग कराव्यात’ हे वाक्य जसंच्या तसं, काकांच्या अक्षरातल्या प्रतीवरून टाइप केलेलं. वरती खासदारांचं नाव आलंय, आणि ‘फरजियात मतदान’ खोडून तिथे ‘वस्ती गणतरी’, म्हणजे जनगणना, लिहिलंय.