जपानी भाषेतील मात्रा आणि सुराघात

जपानी शब्दात सूर कुठे चढतो आणि कुठे उतरतो, हे त्या त्या शब्दापुरते ठरलेले असते. या चढउताराला सुराघात म्हणतात. तो मात्रांवर मोजला जातो, म्हणून मात्रा आधी समजायला हवी.

एक ऱ्हस्व स्वर, किंवा व्यंजन आणि त्याला जोडून ऱ्हस्व स्वर, म्हणजे एक मात्रा, जपानीत ‘हाकु’. दीर्घ स्वराचा उत्तरार्ध, द्वित्तातले पहिले व्यंजन आणि सुटा ‘न्’ यांचीही प्रत्येकी एक मात्रा धरतात. आपण टोकियो म्हणतो ते शहर जपानी तोंडी तो-ओ-क्यो-ओ असे चार मात्रांचे आहे. निप्पोन (नि-प्-पो-न्) चार मात्रांचे, तर त्याच देशाचे निहोन हे नाव तीन मात्रांचे. हायकूतली ५-७-५ ही मोजणीही मात्रांचीच. जोडाक्षरामुळे आधीचे अक्षर गुरू होते हे ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला हा हिशेब चटकन कळेल. देवनागरी लेखन मात्र फसवते: ‘साकुरा’तले सा आणि रा जपानीत ऱ्हस्वच असतात आणि शब्द तीन मात्रांचा होतो.

तोक्योच्या बोलीत पहिल्या दोन मात्रांचा सूर सारखा नसतो, आणि एकदा उतरलेला सूर त्या शब्दात पुन्हा चढत नाही. त्यामुळे सूर कुठे उतरतो एवढेच लक्षात ठेवावे लागते. ‘हाशि’ घ्या. ‘हा’ उंच, ‘शि’ खाली, तर जेवणाच्या काड्या. ‘हा’ खाली, ‘शि’ उंच, तर पूल किंवा कड (टोक). पूल आणि कड हे दोन सुटे उच्चारले तर सारखेच ऐकू येतात. पुढे ‘गा’ हा प्रत्यय आला की पुलाचा सूर ‘गा’वर उतरतो, कडेचा उंचच राहतो.

ओसाका-क्योतोकडे काड्या आणि पूल यांचे सूर नेमके उलटे आहेत. कागोशिमात शब्दांचे दोनच सुरप्रकार आहेत, तर सेंदाई आणि मितोच्या पारंपरिक बोलींत सुराने शब्द वेगळे होतच नाहीत.

नेहमीच्या लिपीत सूर दाखवत नाहीत. त्यासाठी एनएचके या प्रसारण संस्थेचा उच्चारकोश आहे. तो प्रथम १९४३ मध्ये निघाला आणि २०१६ मध्ये नव्याने आला. नवशिक्याने मात्र सुराआधी मात्रा पक्क्या कराव्यात. सूर चुकला तरी संदर्भ बहुधा सावरून घेतो. पण ‘ओबाआसान’ (आजी) मधली एक मात्रा गळली की ‘ओबासान’ (मावशी, आत्या) होते.