कळलावीने घरात भांडणे लागत नाहीत

तमिळनाडूचे राज्यफूल असलेली कळलावी आपल्याकडे सह्याद्रीत आणि कोकणात पावसाळ्यात कुंपणांवर, झुडपांवर चढलेली दिसते. आणि तिचे फूल घरात आणले की घरात कलह माजतो, ही समजूत आजही अनेक घरांत पाळली जाते.

या समजुतीचे मूळ नावाच्या चुकीच्या अर्थात आहे. ‘कळ लावणे’ म्हणजे भांडण लावणे हा अर्थ आपल्या ओठांवर असल्याने तोच वेलीला चिकटला. परंतु येथील ‘कळ’ ही प्रसूतीची कळ आहे. या वेलीचा कंद बाळंतपणात कळा याव्यात म्हणून वापरला जात असे, आणि भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तिला दिलेले ‘गर्भनुत्’, म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी, हे नावही तेच सांगते. नांगरासारख्या कंदामुळे ती ‘लांगली’, तर पिवळ्यावरून लालभडक होत जाणाऱ्या पाकळ्यांमुळे ‘अग्निशिखा’. भांडणाचा मागमूस यांपैकी कोणत्याही नावात नाही.

भीती बाळगायचीच असेल, तर ती कोल्चिसिनची बाळगावी. हे विष वेलीच्या सर्व भागांत असते, कंदात आणि बियांत विशेष. कंद चुकून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत, म्हणून तो जुना उपाय आज कोणीही करू नये. याच कोल्चिसिनपासून गाउट या सांधे दुखवणाऱ्या आजाराचे औषध तयार होते, आणि त्यासाठी तमिळनाडूतील शेतकरी कळलावीची रीतसर लागवड करून बिया विकतात. अपशकुनाच्या धाकाने कुंपणावरची वेल उपटून टाकण्याचे मात्र काहीही कारण नाही.